दसऱ्याचं ताट

आमची जाऊबाई, प्रयागबाई, रडली नाई. भासरे जानराव, तिचे मालक आन गावचे पाटील, चैतात तापानं गेले. अख्खं इंझोरी गाव अंगणात जमलं, म्या रडून रडून गळा बसवून घेतला, आन ही बाई खांबाले टेकून इचारून राह्यली, का पाव्हण्यायसाठी पीठ किती मळाचं. बायायनं नाकं मुरडली. मले बी राग आला, खोटं कायले सांगू. तेराव्याच्या दिवशी म्या तिले कोपऱ्यात घेतलं. म्हणलं, "जाऊबाई, लोकायसाठी तरी दोन टिपं गाळा."

"आतून कायी येतच नाई, रंगू," ती म्हणे. "अंगाखाली दबून हात बधिर होते ना, तसं झालं सारं."

म्या मंग तिचा नाद सोडला.

भासऱ्यायचं एक पिस्तूल होतं. चक्रीचं नाई. एक गोळी सुटली का दुसरी आपोआप चढे, तसलं. अकोल्याहून आणलेलं, परवान्याचं. वर्षभर ते पेटीत राहे आन दसऱ्याले निंघे. आंगणात त्याची पूजा होये, मंग शिलंगणाले शिवेवर जाऊन भासरे आभाळात एक बार काढत. तिथून गाव पयले त्यायच्याच दारात सोनं द्याले येई, बाकीच्यायच्या दारात मांगून. त्या एका दिवशी जाऊबाईचं आंगण माणसायनं भरे. लेकरू नव्हतं तिले. आता नवरा बी गेला. पिस्तूल दुसऱ्याच्या घरी गेलं असतं तं तिच्या दारात कोण कायले आलं असतं?

आन ते न्याले टपले होते आमच्या घरचेच. पुंजाजी. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून हसू नका, या वयात आता कायची लाज. भावाची राख थंडी होत नाई तं यायनं तालुक्याले अर्ज ठोकला, का घरात कर्ता माणूस मीच, हत्यार माह्या नावावर करा. बरं, या माणसानं जल्मात कबुतर नाई मारलं.

जाऊबाईले कळलं तवा ती जवारी निसून राह्यली होती. सूप खाली ठेवलं आन म्हणे, "येवढा एक दिवस माह्यं दार उघडं राहू द्या." बास. ओरडली नाई, भांडली नाई. तालुक्याले जाऊन तिनं बी अर्ज देला. साहेबानं सांगितलं, दसऱ्याच्या आंधी दौऱ्यावर येतो, ज्याले हत्यार नीट चालवता येईन त्याच्या नावावर करतो. तंवरी पिस्तूल घरात राहू द्या, काडतुसं ठाण्यात जमा करा.

शिकवाले हेमसिंग आला. तांड्यावरचा म्हातारा, भासऱ्यायचा जागल्या, शिकारीत त्यायच्या संगं राहे. गोठ्यात रिकामं पिस्तूल घेऊन दोघं उभे राहत. मी वैरण टाकाच्या निमतानं पाहे. पिस्तुलाचं वरचं लोखंड मांगं ओढाचं, ते मांगच्या घोड्याले दाबते, आन सोडलं का खटकन पुढं जाते. येवढंच काम. पण जाऊबाईनं जल्मभर इळा धरलेला. इळ्याची मूठ पात्याजवळ गच्च धरली का तो हातात फिरत नाई. तिनं पिस्तूल बी तसंच धरलं, पार वरतून. लोखंड मांगं आलं, घोडा दबला, आन अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं मधात सापडलं. रगत आलं.

"हात खालतं धरा, मालकीणबाई," हेमसिंग म्हणे.

तिनं खालतं धरला. ओढाले जोर लावला का हात पुन्हा वरतं सरके. पुन्हा चावलं. तिसऱ्यांदा बी तिथंच. तिच्या तोंडावरची रेघ हालली नाई. मलेच पाहवेना. हेमसिंगनं धोतराची चिंधी फाडली, हयद भरली आन अंगठ्याच्या मुळातून असा झटक्यात वेढा मारून बांधली, का मले नवल वाटलं. म्हाताऱ्याले ते बांधाची सवय असल्यावानी दिसलं.

दुपारी मी तिच्याच घरी जेवली. गरम वरण, भाकर. तिनं चिंधी सोडून ठेवली, भाकर कुसकरली, वरणात हात घातला आन तशीच थांबली. मीठमिरचीचं कढत वरण त्या उघड्या कातड्याले झोंबलं असन, म्हणून म्या म्हणलं, "जाऊबाई, चमचा देऊ का?"

तिनं ऐकलंच नाई. हात तसाच ताटात. मंग ओसरीत जेवत बसलेल्या हेमसिंगले तिनं हाक मारली.

"हेमसिंगभाऊ, त्यायले बी चावे का हे?"

हेमसिंग तोंडातल्या घासावर अडकला. "मालकायनं शपथ घातली होती, बाई."

"ते गेले आता."

"दरसालच चावे," हेमसिंग म्हणे. "त्यायचा तळवा मांसाळ. बार काढला का बेचकं फाटे. मी तिथंच बांधाच्या आड चिंधी बांधून देओ, अन गावात शिरताना ते सोडून फेकत. म्हणत, पाटलाले सोताचं हत्यार चावते हे गावाले कळलं तं तोंड कुठं दाखवू."

आता ह्याच्यात काय, तुमी म्हणसान. तं ऐका. दसऱ्याले जाऊबाई पहाटेपासून पुरण वाटे. कढी, भजे, वडे, गुयवणी. भासरे शिवेवरून येत, उजवा हात उपरण्यात, डाव्या हातानं सोनं पाटावर टाकत आन ताटावर बसतच नसत. "भूक नाई." दर दसऱ्याले. एकदा तिनं पाय धरून इचारलं तं खेकसले, तुले काय कराचं. तवापासून तिनं मनाशी पक्कं केलं होतं, का वांझ बाईच्या हातचं सणाचं अन्न ह्यायले चालत नाई. मलेच सांगितलं होतं तिनं ते. आन मी मुकाट ऐकून घेतलं होतं, कारण मले बी तेच वाटे.

जाऊबाईनं हात धुतला. रडली तवा बी नाई. "सांगाचं होतं," येवढंच म्हणे, आन ताट उचलून मोरीत ठेवलं.

साहेब आला. बांधाच्या माटीत एक-एक गोळी मारून दाखवाची होती. पयले आमचे घरचे. मिशीले पीळ, छाती पुढं, आन बार निंघाल्याबरोबर "मेलो गं माय" म्हणून पिस्तूल भुईवर टाकून हात झटकत नाचले. भरलेलं हत्यार. शिपायी आडवे पडले. मले हासू बी आलं आन लाज बी वाटली.

मंग जाऊबाई. तिनं बार काढला. बेचकं पुन्हा फाटलं, रगत मनगटावर आलं. तिनं मुठीतली गोळ्यायची पेटी काढली, नळी तपासली, पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"बाई, लागलं का?" साहेबानं इचारलं.

तिनं हाताकडं पाह्यलं. "लागलं," म्हणे. "हत्यार माह्या नावावर राहीन का?"

राह्यलं.

दसऱ्याले पिस्तुलाले कुंकू म्या लावलं, तिले, इधवेले, लावता येत नव्हतं म्हणून. शिवेवर बार तिनं काढला. गाव मांगं-मांगं तिच्या दारात आलं, आमचे घरचे बी आले, तोंड पाडून. तिनं भासऱ्यायवानी हात पदराखाली लपवला नाई. हेमसिंगची हयदीची चिंधी तशीच ठेवून साऱ्यायचं सोनं त्याच हातानं घेतलं. "काय झालं?" कोणी इचारलं का सांगे, "पिस्तूल चावलं." लोकं हासत, ती बी मान हालवे. तेवढ्यावरच गोष्ट संपे.

माणसं पांगली तवा म्या तिचं ताट वाढलं. पुरणाची पोळी, कढी, भजे. ती पाटावर बसली आन हात मांडीवर ठेवला.

"रंगू," म्हणे, "हात दुखते. मले भरव."

म्या पोळी गुयवणीत बुडवून घास केला. तिनं खाल्ला. दुसरा केला. तो तोंडात तसाच राह्यला आन तिच्या डोयातून पाणी वाहाले लागलं, आवाज नाई, कायी नाई. म्या पदरानं तिचं तोंड पुसलं. तिनं घास गिळला.

"येवढंच म्हणाचं होतं त्यायनं," ती म्हणे. "म्या भरवलं असतं."

मंग तिनं तिसऱ्या घासाले तोंड उघडलं.