मोलकरणीची मुलगी

संघमित्रा गेल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. नावाखाली फोटो मालिकेतला, ठिगळ लावलेला फ्रॉक आणि हातात झाडू. तिचा स्वतःचा एक फोटो कुणाला सापडू नये? आधी संताप आला, मग रडू... अजूनही त्याच क्रमाने येतं.

कर्वेनगरला आमची दारं समोरासमोर. तिचे वडील सरकारी खात्यात अधिकारी. इमारतीतला पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला, तेव्हा आम्ही सगळी पोरं तिथेच पडीक असायचो. नवनवी चॅनेलं सुरू होत होती. अकरावीत कॉलेजच्या नाटकात एका दिग्दर्शकाने तिला पाहिलं. त्याची मालिका कॉलेजातल्या मुलामुलींवर होती. त्याने हिला बोलावलं, आडनाव विचारलं, रंग पाहिला आणि मोलकरणीची मुलगी करून टाकलं. नायिकेला स्कूटर, स्वतःची खोली, प्रेमभंग. हिला "ताईसाब, म्या न्हाय जा" एवढंच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी कॉमर्सला होती, आमच्यापेक्षा टापटीप राहायची आणि आमच्यासारखंच बोलायची. पण गरीब म्हटलं की मालिकावाल्यांना ठिगळ लागतं, कपड्याला आणि जिभेलाही.

संघमित्राला ती बोली येत नव्हती. तिने ती पाठ केली. एकदा धीर करून विचारलं, "सर, हिला एखाद्या प्रसंगात अभ्यास करताना दाखवू या का?"

"अगं, प्रेक्षकांना ते पटणार नाही," तो म्हणाला. "तू रडतेस छान. तेच कर."

केलं तिने तेच. पुढे मोलकरणीच्या मुलीची मोलकरीण झाली, एवढीच काय ती बढती. मधल्या काळात तिने एम.ए. केलं, आयटीतल्या पोरांना जर्मन शिकवलं. पण ऑडिशनला गेली की झाडू तयार. शेवटच्या आजारपणात म्हणाली, "एकदा तरी मला माझ्यासारखी मुलगी करायची होती गं." ते वय केव्हाच सरलं होतं. मी तिची उशी सारखी केली.

तिच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दिग्दर्शक तिच्या घरी आला. माणूस सदाशिव पेठेतला, बोलणं छापल्यासारखं शुद्ध. समोर तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतली पुस्तकांनी भरलेली भिंत कुणालाही दिसत होती. त्याने तिच्या वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "लई वंगाळ झालं बगा, काका. लई गुनाची पोर हुती."

काकांनी हात सोडवून घेतला.

"आपण बसा," ते म्हणाले. "पाणी मागवतो."