बापाच्या हातातलं सलाईन

सांगोल्याकडच्या बिरप्पाची ऋतुजा सोलापुरात डॉक्टर होत होती. परीक्षा संपल्या होत्या, इंटर्नशिप चालू होती. म्हणजे नावापुढं डॉक्टर आणि पायाला भिंगरी. बायकांच्या वॉर्डात रक्त काढायचं असो की सलाईन लावायचं, हाक तिलाच. पोरीचा हात हलका. शीर पहिल्या टोचणीत सापडायची, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

लेकीला डॉक्टरकी करताना एकदा बघायचं, ही बिरप्पाची हौस. पण मेंढरं कुणावर सोडून यायचं, म्हणून राहून जायचं. अखेर त्यानं भावकीतला माणूस ठरवला आणि सोमवारी येतो म्हणून सांगितलं.

नेमका त्याच आठवड्यात ऋतुजाला ताप भरला. आबा येईपर्यंत उभं राहायचंच, असं ठरवून ती गोळ्या गिळत वॉर्डात फिरत राहिली. जगाला विश्रांती सांगणारी ही शहाणी शेवटी केराबाई नावाच्या म्हाताऱ्या पेशंटच्या खाटेजवळच चक्कर येऊन पडली. डेंग्यू निघाला. स्पेशल खोल्या भरलेल्या, म्हणून तिच्याच वॉर्डात कोपऱ्यातली खाट मिळाली.

संध्याकाळी बिरप्पाचा फोन आला. तिनं आवाज खणखणीत काढला. "जेवले मी, आबा. सोमवारी येऊ नका, लई काम हाय." आणि फोन ठेवला.

सकाळी डोळे उघडले, तर पायथ्याशी खांद्यावर घोंगडं टाकून आबा उभा.

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. रोज आदी मेंढरं कशी हायत इचारतीस, मग मला. काल मेंढरांचं नावच काढलं न्हाईस. तवाच वळखलं, पोरगी धड न्हाय."

ऋतुजाला रडू फुटलं. "डॉक्टरीण बघायला येणार हुता, आन् मी ही अशी आडवी."

"बरं झालं की. उबी असतीस तर माज्यासंगं बोलाया सवड कुटली?" म्हणत त्यानं तिला पेज भरवली. कितीतरी दिवसांनी ती निवांत, पोटभर जेवली.

ताप उतरला, पण सलाईन चालूच होतं. त्या दुपारी केराबाईची सुई निघाली. प्रियदर्शनी नावाची नवी इंटर्न दोनदा टोचून हरली. म्हातारीनं हात चादरीखाली दडवला.

"टोचंल तर माजी ऋतुजा टोचंल!"

"आजी, ती पेशंट आहे," सिस्टर म्हणाल्या.

"मग मी कोन हाय? पेशंटच की!"

ऋतुजा उठून बसली. सिस्टर नको म्हणत होत्या, पण तिच्यापुढं कुणाचं चाललं नाही. तिच्या सलाईनच्या स्टँडचं चाक अडकलेलं. बिरप्पानं बाटलीच काढून हातात उंच धरली आणि तो लेकीमागून निघाला.

तिनं म्हाताऱ्या हातावर पट्टा आवळला, बोटानं शीर चाचपली आणि सुई सरकवली. पहिल्याच खेपेला सुईत रक्त दिसलं, शीर सापडली.

"कळलंबी न्हाय गं बाई," केराबाई म्हणाली.

ऋतुजानं वळून पाहिलं. आबाच्या हातातली बाटली तसूभर खाली आली नव्हती. आनंदानं तिचा ऊर भरून आला.

संध्याकाळी घरून फोन आला. तिची आई काळजीनं विचारत होती, "पोरगी कशी हाय वो?"

"डॉक्टर हाय," बिरप्पा म्हणाला.