पदराखालचं तोंड

उमापूरच्या बाजूला मी डॉक्टर होतो, तेव्हा गावात डिश अँटेना आला होता, अक्कल यायची होती. एका नवजात मुलीचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. तोंडात बोट घालून पाहिलं, तर टाळूलाही चीर. मी तिच्या आजीला बजावलं, “उभं धरून चमच्यानं पाजा. आडवं पाजलं तर दूध फुप्फुसात उतरेल.”

“सुनंनं ग्रहणात विळी धरली, दुसरं काय,” आजी म्हणाली.

आठवडाभरात पोर गेली. चमच्यानं पाजताना आल्यागेल्याला तोंड दिसलं असतं, म्हणून आजीनं सुनेला आडवं घेऊन पदराखालीच पाजायला लावलं होतं. पोर निळी पडली, ते कुणाला दिसलंच नाही.

मी ओरडलो. आजी शांतपणे म्हणाली, “सायेब, गावात कुणीबी तिचं त्वांड बघितलं न्हाई.”