माकडलिंबाला आवतण

डहाणूपासून तलासरीपर्यंत असं एकही झुडूप उगवलेलं नाही, ज्याचं पान आमच्या साडूंनी चावून पाहिलेलं नाही. लोक झाडं ओळखतात फुलावरून, फळावरून; हे ओळखतात जिभेवरून. रस्त्याने नीट चाललेला हा गृहस्थ मध्येच थांबतो, कुणाच्याही कुंपणात हात घालतो, पान तोंडात टाकून डोळे मिटतो आणि जाहीर करतो, "कडू. मागून तुरट. वनजाई!" एकदा किनाऱ्यावर कसलंसं पान चावलं आणि जीभ अशी सुजली की तोंडातून शब्द फुटेना. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि यांची बायको, फोनवर हिला म्हणाली, "डॉक्टर कशाला गं? घरात किती शांत वाटतंय!"

साडूंचा जन्म गेला वीजखात्यात तारा ओढण्यात. निवृत्तीनंतर तारा सुटल्या नाहीत, खांबांच्या जागी फांद्या आल्या एवढंच. किनाऱ्याकडची झुडपं हुडकायची, मुळासकट घरी आणायची, तारा गुंडाळून ताटलीएवढ्या कुंडीत त्यांचं बोन्साय करायचं. नर्सरीतल्या तयार बोन्सायचं नाव काढा, की उसळलेच! "ते म्हणजे भाड्याने आणलेला नातू! खाऱ्या वाऱ्याच्या थपडा खाल्लेलं झाड पाहिजे, साडूभाऊ." घरात जिन्यावर कुंड्या, न्हाणीत कुंड्या. वॉशिंग मशीनवरची जागा ताईने भांडून राखली आहे. नावांचाही यांना भारी सोस. झरी गावात एका म्हातारीला बांधावरच्या झुडपाचं नाव विचारलं, तर ती म्हणाली, "आमी त्याला काय नाय बोलत. ते बी आमाला काय नाय बोलत." साडू आठवडाभर हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होते.

पण झाड उचलायचं म्हटलं की यांचं सगळं शास्त्रशुद्ध. यंदा एका बाजूची मुळं तोडून माती परत लोटायची, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूची तोडून झाड काढायचं. आणि आदल्या संध्याकाळी आवतण! औषधाची मुळी खणण्याआधी आपल्याकडे देतात तसंच. कुंकू, अक्षता, सुपारी ठेवून हे झुडपाला हात जोडतात, "उद्या आमच्याकडे यायचं बरं का. जागा लहान आहे, पण ऊन चांगलं आहे." मी एकदा हसलो, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी चिखल्याला एका चिकूच्या वाडीच्या बांधावर यांना माकडलिंबू, म्हणजे काटेरी रानलिंबू, सापडला. मनगटाहून जाड खोड, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं वाकलेलं. वाडीवाल्याची परवानगी काढून अर्धी मुळं तोडून झाली. मग थंडीत साडूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. कुदळ बंद, जिने बंद, डॉक्टरांनी सगळंच बंद केलं. त्यात वाडीवाला बांध फोडून भिंत घालायला निघाला. "न्यायचं तर लवकर न्या काका, जेसीबी काय विचारून येणार नाय." साडू ताईला देवळात जातो असं सांगून रिक्षाने थेट चिखल्याला गेले आणि येताना माझ्या इमारतीखाली उभे राहून त्यांनी मला खाली बोलावलं.

"आवतण देऊन आलोय," ते म्हणाले. "उद्या न्यायला गेलो नाही तर काय तोंड दाखवू?"

"कुणाला? झाडाला?"

"मग काय तुम्हाला?"

झालं! ज्याला करवंद आणि कढीपत्ता यांतला फरक कळत नाही, तो मी दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन बांधावर. साडू प्लास्टिकच्या खुर्चीत, डोक्यावर छत्री. "हळू! अहो, मूळ आहे ते, विहीर नाही खणायची!" सकाळभर मी शिव्या खात खणलं. शेवटी वैतागून एक घाव जोरात घातला आणि कडाड् आवाज झाला. मधलं मूळ तुटलं, भोवतीचा मातीचा गड्डाही निखळून पडला. साडू उठले. त्यांचा हात छातीवर. मला त्यांची काळजी, त्यांना झाडाची. पण ते ओरडले नाहीत. मातीत बसून उघडी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळत राहिले.

परतताना रिक्षात म्हणाले, "हे तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे? अहो, माझ्याकडे तुळस जगत नाही!"

"याचं बोन्साय व्हायला दहा वर्षं तरी लागतात, साडूभाऊ." मग बाहेर बघत म्हणाले, "ताईला बोलू नका हे."

माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गॅलरीतल्या माकडलिंबाने चार दिवसांत सगळी पानं टाकली. रोज सकाळी साडू खाली रस्त्यावर उभे राहून ओरडायचे, "काय म्हणतोय?" मी वरून ओरडायचो, "तसाच आहे!" "नखाने साल खरवडा! हिरवी आहे?" "आहे!" पहिलं वाक्य ऐकून शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या, घरात कोण आजारी आहे म्हणून. मी शहाळं ठेवून घेतलं. खरं सांगतो, देवाला कधी काही मागितलं नव्हतं, ते त्या काटक्यांसाठी मागितलं.

एका सकाळी खोडावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. साडू खाली येण्याचीही मी वाट पाहिली नाही, कोपऱ्यावर दिसले तसा ओरडलो, "कोंब आलाय! अहो, कोंब!"

साडू रस्त्यात थांबले. मागच्या रिक्षाने हॉर्न मारला तरी हलेनात. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"त्याला सांगा, सावकाश होऊ दे," ते वर बघून ओरडले. "मला कुठे जायचंय!"

आणि रस्त्याच्या कडेकडेने, हळूहळू घरी निघाले. ते दिसेनासे होईपर्यंत मी कठड्याशी उभा होतो. मग बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून घेतली आणि त्या झाडाला खरंच तसं सांगितलं.