असोद्याच्या गोठ्यातला चिमटा

शरद, कुमुद, तुमचे आजोबा गेल्याची तार तुम्हांला नैरोबीला मिळाली तेव्हा इथलं सगळं आटोपलं होतं. मी सावकाश लिहिणार होते. पण काल असोद्याची सीता भेटायला आली आणि वाटलं, हे आताच लिहावं...

आजोबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सीता नवी सून होती. तापानं फणफणलेली, अंगभर पुरळ. दाराला कडुलिंबाचा डहाळा, म्हणजे घरात देवी आलेली. औषध बंद, परक्याला मज्जाव. तिच्या भावाला राहवेना, म्हणून त्यानं जळगावला येऊन तुमच्या डॉक्टर आजोबांना आणि मला बैलांच्या दमणीत घालून नेलं. सासू उंबऱ्यातच उभी. "देवीले सुई टोचता का आता, डाक्टर?"

"नाही अक्का. देवीचे पाय तेवढे पाहतो."

तिला हसू आलं, तेवढ्यात आजोबा आत शिरले. तळहातांवर, तळपायांवर लाल ठिपके होते, पण सपाट. देवीसारखा एकही फोड भरलेला नव्हता. अशा तापाचं वर्णन मीच त्यांना एका इंग्रजी मासिकातून वाचून दाखवलं होतं. मला म्हणाले, "केस वर कर जरा." सुनेच्या मानेला परक्या पुरुषानं हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून तर ते मला सोबत नेत. कानामागे काळी खपली होती.

"अक्का, बैलांचे गोचीड कोण काढतं?"

"हीच काढते. नखानं चिरडते. आम्ही सगळ्या तसंच करतो."

"मग ती खपली गोचीड चावल्याची, आणि हा ताप गोचिडाचा. देवीचा नाही."

नेमकं औषध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण सीताचे ओठ वाळून गेले होते, आणि कोप होईल या धास्तीनं कुणी तिला ओलं फडकंही लावत नव्हतं. "डहाळा राहू द्या," ते म्हणाले, "पण हिला पाणी द्या. नाहीतर ही हातची जाईल." मग चमच्याचमच्यानं पाणी, मीठ घातलेली पेज, अंग पुसणं... सासू घटकेत देवीला हात जोडी, घटकेत चमचा धरी. आजोबा रोज जात राहिले. ताप हळूहळू उतरला.

शेवटच्या फेरीला त्यांनी आपल्या पेटीतला लांब चिमटा सासूच्या हातात ठेवला. "यानं धरा, घासलेटात टाका. नखं आवरा, चिरडलेल्या गोचिडातूनही ताप लागतो."

"हा आहेर म्हनू का, डाक्टर?"

"म्हणा. सून परत दिलीय, आहेर नको?"

सीता आता स्वतः सासू झाली आहे. गोठ्यातल्या खिळ्याला तो चिमटा अजून आहे, खाली घासलेटची वाटी. त्या घरात नव्या सुनेला आधी चिमटा दाखवतात, मग बैल.