बारशाच्या दिवशीचा गेम

परदेशात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भाड्याने राहायचो. मी आयटीतला, तो युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. मी त्याला डॉक्टर म्हणायचो. घरमालकीण इंटरनेटची लाइन घेऊ देईना, म्हणून आम्ही सिमकार्डवर चालणारा वायफायचा डबा घेतला होता. महिन्याचा डेटा ठरलेला. तो संपला की नेट नुसतं नावाला.

डॉक्टरची बायको बाळंतपणाला पुण्याला गेली होती. मुलगी झाली. बारशाला सुट्टी मिळेना, तेव्हा व्हिडिओ कॉलवर बघायचं ठरलं. "तेवढा डेटा ठेवू हं," असं तो आठवडाभर म्हणत होता.

"अरे, हे काय सांगायला हवं?" मी म्हणायचो.

आदल्या दिवशी मला हवा असलेला गेम आला. खालच्या मॉलमध्ये डिस्क मिळत होती, दहा मिनिटांवर. पण उन्हात जातोय कोण! शिवाय डबी दिसली की डॉक्टर चिडवणार, "घोडा झालास, खेळणी पुरे आता." मी गुपचूप डाउनलोड लावला. कॉलपुरता डेटा उरेल असा अंदाज होता. कसला डोंबलाचा इंजिनियर मी! गेममागोमाग भलामोठा अपडेट आपोआप उतरला, ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर झब्बा घालून लॅपटॉपसमोर बसला. पाळणा दिसला. त्याची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, कानात कुर्र करायला वाकली आणि चित्र थिजलं ते थिजलंच. हॅलो हॅलो करून त्याचा घसा सुकला. नाव त्यानेच ठरवलं होतं, त्याला फक्त बघायचं होतं.

"माझ्याच रोजच्या कॉल्सनी संपला बघ डेटा," तो म्हणाला. "तुझीही पंचाईत केली. सॉरी रे."

आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे रे, होतं असं." लाज कशी वाटली नाही मला!

पुढे तो आठवड्यातून एकदाच घरी व्हिडिओ कॉल करू लागला, तोही घड्याळ लावून. मी नुसता बघत होतो. तो लॅबमध्ये गेला की गेम खेळायचो. मजा येत नव्हती, तरी खेळायचो.

पुण्याला नोकरी मिळाल्यावर, निघायच्या दिवशी त्याने माझ्या हातात एक डबी ठेवली. त्याच गेमची डिस्क. "याच्या जाहिराती बघत बसायचास ना? माझ्यामुळे तुला कधी मोठं काही डाउनलोड करता आलं नाही. ही घे, खेळ आता मनसोक्त."

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी "थँक यू" म्हणालो आणि त्याची बॅग लिफ्टपर्यंत नेऊन दिली.