वेल्डर उलटून बोलत नाही

“बरोबर आहे तुझं. धन्यवाद,” वेल्डर म्हणाला.

“आग लागो तुझ्या धन्यवादाला,” बायको म्हणाली.

बऱ्याच वर्षांपूर्वी पावडरीपायी वेल्डरनं घरातली भांडीकुंडी विकून फुंकली, तेव्हा तिनंच त्याला व्यसनमुक्तीच्या केंद्रात नेऊन टाकला. तिथं वर्षभर मुक्काम. रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकमेकांची उणी काढायची. ज्याचं उणं निघालं त्यानं उलटून बोलायचं नाही, फक्त धन्यवाद म्हणायचं. वेल्डर पावडर तिथं सोडून आला आणि धन्यवाद घेऊन आला.

त्याचंही खरं होतं. पूर्वी भांडण झालं की चपला घालून जो निघायचा, तो झिंगूनच परतायचा. आता भांडलो तर पाय पुन्हा तिकडंच वळतील, ही धास्ती हाडांत बसलेली. पण भिंतीशी कुणी संसार करावा? आणखी एक धन्यवाद ऐकला तर माहेरी जाईन, असं बायकोनं बजावलं होतं. आज पिशवी भरूनच ती वर्कशॉपात आली होती.

तेवढ्यात केंद्रातल्या ताईंचा फोन आला. ताई वर्षातून एकदा जुन्या मंडळींची चौकशी करत. घरात अगदी शांतता आहे, असं वेल्डरनं सांगितलं. बायकोनं फोन हिसकावला.

“ताई, आम्ही नवरा मागितला होता. तुम्ही आभारप्रदर्शन पाठवलंत.”

वेल्डरच्या ओठावर सवयीनं धन्यवाद आला. तिनं पिशवी उचलली. मग त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

“तुझा भाऊ माझं ड्रिल मशीन घेऊन गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या बापाचं दुकान आहे का हे? तोच तुझाही बाप, म्हणून गप्प बसलो!”

माहेराचं नाव निघाल्यावर तीही पदर खोचून भांडणात उतरली. पलीकडं ताई सगळं ऐकत होत्या. वेल्डरनं चपला घातल्या आणि तरातरा चालू लागला.

जोडायला जमिनीवर आडव्या टाकलेल्या अर्धवट गेटवर बायको मटकन बसली.

“कुठं गेला?” ताईंनी विचारलं.

“चपला घालून गेला,” एवढंच ती म्हणाली. फोन मात्र तिनं कानाचा काढला नाही.

बऱ्याच वेळानं वेल्डर आला, घामानं निथळत, काखेत ड्रिल मशीन. बायकोनं जुन्या सवयीनं त्याचे डोळे निरखले. डोळ्यांत नुसता राग होता.

“आणि वायर?” ती म्हणाली.

“तुझ्या भावाला विचार.”

“ताई,” ती फोनमध्ये म्हणाली, “उलटून बोलला.”

वेल्डरनं तिला गेटवरून उठवलं, तोंडावर मुखवटा ओढला आणि बिजागरीला टाका मारायला बसला.